कागद आहे, पण सापडत नाही

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी हे गाव आहे. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांनी तिथे उपोषण सुरू केलं. १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि दोन-तीन दिवसांत या गावाचं नाव देशभर पोहोचलं. त्या आंदोलनाच्या राजकारणावर आजवर भरपूर लिहून झालं आहे. मला इथं त्याच्या एका बाजूकडे लक्ष वेधायचं आहे, जिची चर्चा फारशी झाली नाही.

७ सप्टेंबरला राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकालीन कागदपत्रांत 'कुणबी' अशा नोंदी शोधायच्या, हे तिचं काम होतं. मग मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्या, भूमी अभिलेख कार्यालयं आणि जुन्या शाळांची दप्तरं उघडली गेली. खासरा पत्रकं, १९५१ ची नागरिक नोंदवही, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं धूळ झटकून टेबलावर आली. त्यातला बराच मजकूर मोडीत, उर्दूत आणि काही ठिकाणी फारसीत निघाला. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. समितीला हैदराबादही गाठावं लागलं.

या सगळ्या धावपळीत एकही जुना कागद नव्याने लिहिला गेला नाही. कागद होते तिथंच होते, काही तर शंभर वर्षांपासून. कुठल्या गावाची, कुठल्या कुटुंबाची नोंद कोणत्या बस्त्यात, कितव्या पानावर आहे हे सांगणारी यादी मात्र कुणाकडे नव्हती. कागद असणं आणि कागद सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठवाड्याला त्या वर्षी कळलं.

जालन्याच्या मुसलमानांना ते आधीपासून ठाऊक होतं.

१३ ऑक्टोबर १९६७

महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीचं मूळ गाव जालना. इथल्याच शब्बीर अन्सारी यांनी ती उभी केली, पुढे दिलीपकुमारांसारखा माणूस त्यांच्या व्यासपीठावर आला आणि १९९४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांमधल्या अनेक व्यावसायिक जातींना ओबीसी सवलतींचा मार्ग मोकळा केला. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, कुरेशी. नाव यादीत आलं म्हणून दाखला हाती आला असं मात्र होत नाही. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. २००१ च्या जात प्रमाणपत्र कायद्यानुसार तो देण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. कचेरी तुमचा कागद शोधून देणार नाही. तो तुम्ही आणायचा.

आता १९६७ पूर्वीच्या मुसलमानाच्या कागदावर काय असतं? बहुतेक ठिकाणी जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' किंवा 'मुस्लिम'. गुरुजींनी विचारलं नाही, घरच्यांनी सांगितलं नाही. त्यामुळे ज्या एखाद्या कागदावर 'बागवान' किंवा 'मोमीन' असं स्पष्ट लिहिलेलं आहे, तो एक कागद साऱ्या खानदानाच्या कामाचा असतो. आजोबांचा असो, चुलत आजोबांचा असो, वंशावळीत बसला की पुरे.

आमच्या घरी तसा कागद होता. माझ्या भाचीला इंजिनीअरिंगला प्रवेश घ्यायचा होता, जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता आणि आम्ही तीन घरं पालथी घातली. अब्बांची पत्र्याची पेटी, चाचांचं कपाट, फुफीच्या घरची माळ्यावरची पिशवी. अब्बा पुन्हा पुन्हा म्हणायचे, "आहे रे, मी स्वतः पाहिलाय." मुदत संपली. भाचीने खुल्या जागेची फी भरता येईना म्हणून बी.एस्सी.ला नाव घातलं. आठ महिन्यांनी घर रंगवायला काढलं तेव्हा विजेच्या जुन्या बिलांच्या गठ्ठ्यात एक पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद निघाला. दादांचा तहतानिया मदरशाचा, म्हणजे निजामकाळातल्या प्राथमिक शाळेचा, उर्दूतला सदाकतनामा. आमच्या पिढीत उर्दू वाचणारं कुणी उरलेलं नाही. शेजारच्या निवृत्त मुअल्लिमांनी चष्मा पुसून वाचून दाखवला: सन १३५२ फसली, कौम बागवान.

शोधताना तो कागद आमच्यातल्या दोघांच्या तरी हातातून गेला असणार. वाचता येत नव्हता म्हणून बिलांत परत गेला.

त्या दिवसापासून मी घरातल्या कागदांची नीट सोय लावायच्या मागे लागलो. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, या प्रश्नापासून सुरुवात केली आणि पोहोचलो इतिहासात. तोच प्रवास इथं मांडतो.

एका जिल्ह्याचे पाच पत्ते

जालन्याचे कागद शोधणं अवघड का, याचं उत्तर जालन्याच्या इतिहासात आहे.

१ मे १९८१ पूर्वी जालना जिल्हाच नव्हता. जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते, तर परतूर परभणीत. १ मे १९६० पासून हा भाग महाराष्ट्रात, त्याआधी १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि त्याआधी हैदराबाद राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी निजामाच्या रियासतीत. आणखी मागं गेलं की मुघलांचा दख्खनचा सुभा. म्हणजे परतूरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पाच पिढ्यांचे कागद जालना, परभणी, संभाजीनगर, मुंबई आणि हैदराबाद अशा पाच ठिकाणी विखुरलेले असू शकतात.

भाषेचंही तसंच. रियासतीची दरबारी भाषा फारसी होती, १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर पाटील-कुलकर्ण्यांचं दप्तर मोडी मराठीत चाले. १९४८ नंतर हळूहळू देवनागरी मराठी आणि इंग्रजी आली. एकाच जमिनीची सनद फारसीत, मुंतखब उर्दूत, कुलकर्ण्याची नोंद मोडीत आणि सातबारा देवनागरीत, ही मराठवाड्यात नवलाची गोष्ट नाही.

सालाचाही घोळ आहे. हैदराबादचे सरकारी कागद फसली सनात असतात. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. दादांच्या सदाकतनाम्यावरचं १३५२ फसली म्हणजे १९४२-४३. साल आजर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरमध्ये सुरू होई. ज्याला हे माहीत नाही, तो १३५२ आकडा पाहून कागद हिजरी सालचा समजतो आणि दहा वर्षांनी चुकतो.

मुघल काळातली सरकारी कागदांची शिस्त पाहिली की चकित व्हायला होतं. शाहजहान आणि औरंगजेबाच्या काळातली दख्खनची कागदपत्रं एके काळी औरंगाबादच्या किले-अर्कमध्ये होती. पुढे ती हैदराबादला नेली गेली. आज ती तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहेत. त्यात 'अर्ज-ओ-चेहरा' नावाचे कागद आहेत: एकेका शिपायाचं नाव, बापाचं नाव, कौम, चेहऱ्यावरच्या खुणा, घोड्याचा रंग आणि त्यावरचा डाग. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका सामान्य स्वाराचा चेहरा कागदावर टिकून आहे. पण आपला पूर्वज त्यांत होता का, हे विचारायला गेलात तर एकेक पान उलटावं लागेल.

फेरिस्त

'फेरिस्त' हा शब्द मराठीत जुना आहे. तो फारसीतून आला. हाच शब्द 'फिहरिस्त' या रूपाने अरबीत गेला आणि एका मोठ्या ग्रंथाचं नाव झाला. इब्न अल-नदीम हा बगदादचा वर्राक होता, म्हणजे ग्रंथांच्या नकला करून विकणारा. त्याने हिजरी ३७७ मध्ये, इसवी सन ९८७-८८ मध्ये, 'किताब अल-फिहरिस्त' लिहायला घेतली. अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या सगळ्या ग्रंथांची यादी करायची, असा त्याचा संकल्प होता. पुढे बगदादची ग्रंथालयं उद्ध्वस्त झाली, शेकडो ग्रंथ कायमचे गेले. त्यातल्या कित्येकांचं आज फक्त नाव शिल्लक आहे आणि तेही या फेरिस्तीत आहे म्हणून.

आपल्याकडे पेशवे दप्तराची कथा अशीच शिकवणारी आहे. कागद कापडात बांधून ठेवायची पद्धत होती, त्या बासनाला 'रुमाल' म्हणत. पुण्यात असे हजारो रुमाल इंग्रज अमदानीत बंद पडून होते. अभ्यासकांना आत जाऊ देत नसत. शेवटी १९३० च्या सुमारास गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचं काम आलं आणि त्यांनी ४५ खंड प्रसिद्ध केले. त्याच्या कितीतरी आधी वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरचे आणि बळदातले कागद गोळा करून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापत होते. त्याचे २२ खंड निघाले. सरदेसाईंच्या वाट्याला सरकारचा बंद दरवाजा आला आणि राजवाड्यांच्या वाट्याला घरोघरची गाठोडी. दोघांनाही तेच करावं लागलं: वाचायचं, निवडायचं आणि पुढच्याला सापडेल असं लावून ठेवायचं.

यादी करण्याच्या पुढची पायरी म्हणजे शब्दांची सूची. कुरआनमधला एखादा शब्द कुठं कुठं आला आहे, हे हाफिजला तोंडपाठ असतं. पण इतरांनी काय करावं? 'नुजूम अल-फुर्कान' ही कुरआनच्या शब्दांची सूची १८११ मध्ये कलकत्त्यात छापली गेली. जर्मन अभ्यासक फ्ल्यूगेल यांची सूची १८४२ मध्ये लाइपझिगला निघाली. १९४५ च्या सुमारास इजिप्तचे मुहम्मद फुआद अब्दुल बाकी यांची 'अल-मुअजम अल-मुफहरस' आली, जी आजही मदरशांत वापरली जाते. तिची मांडणी धातूंवर आहे. क-त-ब हा एक धातू काढला की किताब, कातिब, मकतूब ही सगळी रूपं त्याच्याखाली एकत्र सापडतात.

संगणकाचं शोधयंत्र नेमकं हेच करतं. तुम्ही शोध दिल्यावर ते तुमच्या हजार फायली पहिल्यापासून वाचत बसत नाही. त्याने आधीच एक उलटी सूची करून ठेवलेली असते. कागदात कोणते शब्द आहेत, याऐवजी तिथं लिहिलेलं असतं की हा शब्द कोणकोणत्या कागदांत आहे. केंब्रिजच्या मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये इंग्रजी शब्दांचे प्रत्यय काढून मूळ रूपाशी नेणारी पद्धत प्रसिद्ध केली. मूळ रूपाखाली सगळी रूपं गोळा करायची, ही कल्पना धातुकोशकारांना अनोळखी वाटली नसती.

सूचीची मालकी

आता मुख्य प्रश्न. ही सूची कुणाच्या हातात असावी?

२००४ मध्ये गूगलने आपल्या संगणकातल्या फायली शोधणारं 'गूगल डेस्कटॉप' मोफत दिलं. लोकांना ते आवडलं. २०११ मध्ये कंपनीने ते बंद केलं. कंपनीच्या दृष्टीने गरज संपली होती, वापरणाऱ्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मोफत आणि मुक्त यांत हा फरक आहे. मोफत वस्तू देणारा केव्हाही हात आखडू शकतो.

याच्या उलट गोष्ट पोर्टर यांच्याच शोधयंत्राची. त्याचं नाव मस्कॅट. काही काळ त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुल्या परवान्याखाली उपलब्ध होता. २००१ मध्ये मालक कंपनीने तो पुन्हा बंद केला. पण जो मजकूर एकदा जनरल पब्लिक लायसन्सखाली दिला गेला होता, तो परत घेण्याचा हक्क तिला नव्हता. काही प्रोग्रामरांनी शेवटची खुली आवृत्ती उचलली आणि काम पुढे नेलं. तेच आजचं झेपियन. वीस वर्षांहून जास्त काळ ते चालू आहे.

मोठ्या संस्थांत वापरलं जाणारं इलॅस्टिकसर्च हेही अशाच वळणावरून गेलं. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या ल्युसीन या मुक्त यंत्रावर ते उभं आहे. २०२१ मध्ये कंपनीने परवाना बदलला, तेव्हा ॲमेझॉनने आधीच्या खुल्या आवृत्तीवरून ओपनसर्च ही वेगळी शाखा काढली. २०२४ मध्ये मूळ कंपनीने पुन्हा एक खुला परवाना जोडला. भांडण दोन बड्या कंपन्यांचं होतं. पण आधीची आवृत्ती खुली असल्यामुळे सामान्य वापरणारा रस्त्यावर आला नाही.

आपल्या वाचकांना हे समजायला एक ओळखीचा दाखला आहे, तो म्हणजे वक्फ. वाकिफने एकदा जमीन वक्फ केली की ती त्याचीही राहत नाही आणि त्याच्या वारसांचीही. मुतवल्ली बदलतात, देखरेख बदलते, पण वस्तू ज्या कामासाठी दिली त्याच कामाला बांधलेली राहते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्सचा पहिला मसुदा आणला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वक्फ नव्हता. तुलना फार ताणायची गरज नाही. पण दिलेली वस्तू परत घेता येणार नाही, ही अट दोन्हीकडे सारखी आहे आणि दोन्हीकडे तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

हे केवळ तत्त्वाचं नाही. आपल्या पेटीत आधार कार्ड, बँकेची पासबुकं, निकाहनामे, तलाकनामे, जमिनीच्या वाटण्या असतात. कुठल्या तरी मोफत संकेतस्थळावर हे सगळं चढवून 'मजकूर काढून द्या' म्हणणं म्हणजे पेटीची किल्ली चौकात टांगणं. म्हणून मी एक अट पहिल्यापासून घातली: जे काही असेल ते घरच्या संगणकावर चालेल, इंटरनेट बंद असतानाही.

मी काय निवडलं

तीन मुक्त साधनं पाहिली.

पहिलं डॉकफेचर. ल्युसीनवर चालतं, विंडोजवरही सहज बसतं. ज्यांच्याकडे टाइप केलेल्या फायली आणि चांगल्या पीडीएफ आहेत, त्यांना पुरेसं आहे.

दुसरं पेपरलेस-एनजीएक्स. मूळ पेपरलेस एका माणसाने सुरू केलं, त्याला वेळ मिळेना तेव्हा दुसऱ्याने ते पुढं नेलं आणि २०२२ पासून एक गट चालवतो आहे. स्कॅन केलेला कागद त्यात टाकला की ते मजकूर ओळखतं, तारीख, प्रकार, खूण लावू देतं, मूळ प्रत जपून ठेवतं. दिसायला देखणं. पण त्याला छोटा सर्व्हर लागतो. जमात, मदरसा, शिक्षण संस्था किंवा वकिलाचं ऑफिस असेल, एखादा जाणकार मुलगा हाताशी असेल, तर हेच घ्यावं. एकट्याच्या घराला जरा जड होतं.

तिसरं रिकॉल. झां-फ्रांस्वा डॉकेस या फ्रेंच माणसाने केलेलं, झेपियनवर चालणारं. ते तुमच्या फायलींना हात लावत नाही. कागद जिथं आहेत तिथंच राहतात, सूची वेगळी बनते. सूची बिघडली तर पुसून पुन्हा करता येते. उद्या रिकॉल सोडायचं ठरवलं तरी काही बाहेर काढावं लागत नाही, कारण आत काही गेलेलंच नसतं. मला हे सगळ्यात पटलं. जुन्या लिनक्स लॅपटॉपवर ते बसवलं.

स्कॅनमधून मजकूर ओळखण्यासाठी तिन्हींत नाहीतर सोबतीला टेसरॅक्ट वापरता येतं. हे साधन एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ दरम्यान घडलं, मग अडगळीत पडलं. २००५ मध्ये खुलं झालं, पुढच्या वर्षापासून गूगलने त्यावर काम केलं. मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, फारसी या भाषा त्यात आहेत. स्वच्छ छापील मराठी ते बऱ्यापैकी वाचतं. सातबाऱ्याचा संगणकीय उतारा, छापील निकालपत्र यांत अडचण येत नाही.

आता मर्यादा. त्या आधी माहीत असत्या तर माझे दोन महिने वाचले असते.

हाताने लिहिलेला मजकूर टेसरॅक्टला वाचता येत नाही. तलाठ्याचं अक्षर, मुअल्लिमांची शिकस्ता उर्दू, कुलकर्ण्याची मोडी, सगळं त्याच्या आवाक्याबाहेर. नस्तालीक उर्दू छापील असली तरी ते अडखळतं, कारण ओळ तिरकी उतरते आणि अक्षरं एकमेकांवर चढतात. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली तीच मुळी २०१४ मध्ये.

जुन्या टाइप केलेल्या फायलीही फसवतात. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी पडद्यावर मराठी दिसतं, संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. इनपेजच्या जुन्या उर्दू फायलींचं तेच. उर्दू मासिकं, जलशांचे अहवाल, वक्फनाम्यांच्या नकला यांतला बराच ऐवज अशा फायलींत अडकलेला आहे. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. युनिकोड उर्दूतही 'ये' आणि 'काफ' ही अक्षरं अरबी कळफलकाने टाइप केली तर दिसायला सारखी, पण संगणकाला वेगळी वाटतात.

मराठीचे प्रत्ययही आहेत. 'जालना' असा शोध दिला तर 'जालन्यात', 'जालन्याहून' सापडत नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे: 'जालन' लिहून पुढे तारांकन द्यायचं. 'विहीर'चं 'विहिरीत' होतं, म्हणून तिथं 'विह' पर्यंतच थांबायचं. आणि आपली नावं! मोहम्मद, महंमद, मुहम्मद, मो., एकच माणूस चार कागदांवर चार तऱ्हेने. एकाच शाळेच्या रजिस्टरात शेख आणि शेक. यंत्राला हे चार वेगळे इसम वाटतात, कचेरीलाही वाटतात, म्हणून तर प्रतिज्ञापत्रं करावी लागतात.

वही हाताने, शोध यंत्राने

म्हणजे ज्या कागदासाठी हे सारं सुरू केलं, तो दादांचा उर्दू सदाकतनामा जगातलं कोणतंही मुक्त शोधयंत्र माझ्यासाठी वाचणार नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की इब्न अल-नदीम आणि राजवाडे यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही. कुणीतरी कागद वाचायचा आहे आणि फेरिस्त लिहायची आहे.

मी पद्धत अशी बसवली. प्रत्येक कागदाला पेन्सिलने मागच्या बाजूला क्रमांक. त्याच क्रमांकाची स्कॅन फाईल. आणि त्याच क्रमांकाची एक साधी टेक्स्ट फाईल, कारण साधा मजकूर पन्नास वर्षांनीही कुठलंही यंत्र उघडेल. तिच्यात देवनागरीत लिहायचं: कागद कसला, कोणत्या भाषेत आणि लिपीत, मूळ साल फसली की हिजरी की इसवी, आणि त्याचा इसवी सन. गाव, तेव्हाचा तालुका, आजचा तालुका. नावं कागदावर जशी आहेत तशी, आणि शेजारी घरात ठरवलेलं एकच प्रमाण रूप. कौम किंवा जातीचा शब्द असेल तर तो अक्षरशः. शेवटी, कुणी वाचून दिला आणि मूळ कागद आज कुणाच्या घरी आहे.

शेजारचे मुअल्लिम दर रविवारी जोहरनंतर येत. ते वाचत, मी टाइप करी, अम्मी चहा करता करता मध्येच सांगे, "हे नाव तुझ्या दादांच्या मावसभावाचं, परतूरला असायचे ते." हेही मी टाइप केलं. चार महिन्यांत साडेतीनशेच्या आसपास कागद झाले. आता रिकॉलमध्ये 'बागवान' लिहिलं की एका क्षणात सहा कागद समोर येतात. सहा! आम्ही एक शोधत होतो.

त्यातला एक १९५८ चा, चाचांच्या शाळेचा मराठी निर्गम उतारा आहे. तो छापील नमुन्यावर स्वच्छ देवनागरीत लिहिलेला, कुणालाही वाचता आला असता. तो अब्बांच्या पेटीतच होता.

रविवार वाया घालवू नका

२०२५ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी 'उमीद' पोर्टल सुरू केलं आणि सहा महिन्यांत कागद चढवायला सांगितलं. त्याच वर्षी २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटियरच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाला. पहिला मुतवल्लींचा प्रश्न, दुसरा मराठा समाजाचा. दोन्हींच्या बाजूने आणि विरोधात बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते वेगळ्या लेखात. पण दोन्हीकडे सामान्य माणसावर आलेली पाळी एकच होती: मुदतीत जुना कागद दाखव. पुढेही हे होणारच. मुदत सरकार ठरवतं, कागद आपल्या घरात असतो, आणि दोघांच्या मध्ये असते ती फक्त फेरिस्त.

सॉफ्टवेअर निवडताना म्हणून मी चारच प्रश्न विचारायला सांगेन. ते माझ्याच यंत्रावर चालतं का? माझे मूळ कागद जागच्या जागी राहतात का? करणारा सोडून गेला तर दुसऱ्याला ते पुढं नेता येईल का? आणि माझ्या घरातले दहा वेगवेगळे कागद, एक उर्दू, एक मोडी, एक छापील, एक हाताने लिहिलेला, त्यात टाकून पाहिले तर त्यातले किती सापडतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीत नसतं, स्वतः करूनच मिळतं.

सॉफ्टवेअर आज नाही तर पुढच्या वर्षी घ्या, ते कुठं जात नाही. वाचणारी माणसं मात्र जात आहेत. मराठवाड्यात निजामी शाळेत उर्दू शिकलेली पिढी आज नव्वदीत आहे. मोडी घडाघडा वाचणारे म्हातारे गावात एखादे, तेही असले तर. आमचे मुअल्लिम गेल्या रमजानमध्ये गेले. त्यांनी वाचून दिलेल्या प्रत्येक फाईलच्या शेवटी त्यांचं नाव आहे. पेटीत अजून अकरा फारसी कागद आहेत. "पुढच्या रविवारी बघू" असं ते म्हणाले होते. त्या अकरांच्या टेक्स्ट फायलींत सध्या फक्त क्रमांक आहे.